माणसं नदीवर गेली की

गावात कुणी मेलं की कौसाबाई तिसऱ्या दिवसाची वाट बघायची, आणि म्हणून अर्धं गाव तिला गिधाड म्हणायचं. तोंडावर कुणी म्हणत नसे. तोंडावर म्हणायचं तर कौसाबाईच्या तोंडाला तोंड द्यावं लागलं असतं, आणि ती ताकद आमच्या सरपंचातही नव्हती. पाठीमागं मात्र म्हणायचे. मी तर एकदा तोंडावरच म्हणालो होतो. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी तिच्याबद्दल जे चांगलं सांगणार आहे ते वाचताना माझ्याविषयी कुणाचा गैरसमज व्हायला नको.

कौसाबाई खंदारे ग्रामपंचायतीची शिपाई, मी ग्रामसेवक. गाव सेनगाव तालुक्यातलं, गोरेगावहून जीपनं अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. आजूबाजूच्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी गोष्टीत काडीचा फरक पडणार नाही म्हणून. राग येतो तो त्याचाच.

कौसाबाई पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, चालीत घाई. पायात मेलेल्या नवऱ्याच्या चपला, दोन बोटं मोठ्या. त्या वाजायच्या, आणि त्या आवाजावरून गावातल्या बायका ओळखायच्या की कौसाबाई गल्लीत शिरली. हातात साडीच्या दुकानाची एक पिशवी कायम. तिच्यात कोरे अर्ज, दोन पेन, अंगठ्याचं शाईचं पॅड आणि एक धुतलेलं फडकं. पॅड तिनं स्वतः विकत आणलं होतं. ऑफिसातल्या पॅडला ती सरकारी विहीर म्हणायची, उद्घाटनापुरती ओली. फडकं कशाला, तर अंगठा उठवून झाला की ती त्या बाईचा अंगठा स्वतः पुसायची. रडणारी बाई शाईचा हात पदराला पुसते, आणि तो डाग नंतर जन्मभर दिसत राहतो, असं तिचं म्हणणं.

मी हजर झालो तो गुरुवार होता. माझ्याकडं तीन गावं, त्यामुळं या गावाला गुरुवार दिलेला, आणि तसा तक्ता मी पहिल्याच दिवशी भिंतीवर चिकटवला. कौसाबाईनं तो मोठ्यानं वाचला. सातवी पास होती, आणि वाचता येतं हे दाखवायची संधी सोडत नसे. मग म्हणाली, "भाऊसाहेब, गुरुवारी तुमी येणार का नुसता तक्ताच ऱ्हाणार?"

मी हसलो. तिनं कपाटातून नमुना आठ काढून माझ्यापुढं आपटला. गावातलं प्रत्येक घर ज्यात लिहिलेलं असतं ते हे रजिस्टर. घर नंबर, किती खोल्या, भिंत मातीची की विटेची, आणि नाव कुणाचं. तिनं पानं उलटत एकेका नावावर बोट ठेवायला सुरुवात केली. हा मेला. हा बी मेला. ह्याची तर बायकोबी मेली. पंधरा-वीस पानं झाल्यावर थांबली आणि म्हणाली, निम्मं गाव मेलेल्या माणसांच्या घरात ऱ्हाऊन राहिलंय. मी पुन्हा हसलो. ती हसत नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खेड्यात घर कुणाचं हे भांडण होईपर्यंत कुणी विचारत नाही. नवरा मेला तरी त्याचं नाव रजिस्टरात तसंच राहतं, बायको घर सारवत राहते, आणि सगळ्यांना वाटतं चाललंय ते बरं चाललंय. मग एक दिवस दिराला खोली कमी पडते. नमुना आठ हा मालकीचा पुरावा नव्हे, असं म्हणतात. खरं आहे. पण बाईला घराबाहेर काढायला तो पुरतो.

आणि बाहेर काढतात तेही कुणी हाताला धरून नाही काढत. तेवढी लाज गावाला असते. तेरवी होते, माहेरचे लोक दुखवट्याचं लुगडं घेऊन येतात आणि भाऊ म्हणतो, चल माझ्या घरी, चार दिवस हवापालट होईल. सगळे माना डोलावतात. सासूही म्हणते जा बाई, लेकरांनाही बरं वाटेल. भावाच्या मनात पाप नसतं. चार दिवसांचा महिना होतो, कारण कुणीतरी सांगतं वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घरात राहू नये. ती परत येते तेव्हा दाराला दुसरं कुलूप असतं, आणि ट्रंकेतले कागद दिरानं सांभाळायला म्हणून नेलेले असतात. रीतच अशी मायाळू आहे की शिव्या कुणाला द्यायच्या तेच कळत नाही.

कौसाबाईला कळायचं. ती या चार दिवसांच्या आधी पोचायची, आणि म्हणून तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला घरातली आणि भावकीतली सगळी माणसं नदीवर जातात. दोन-अडीच तास घरात फक्त बायका. कागद अजून ट्रंकेत असतात, ट्रंकेची किल्ली अजून बाईच्या कमरेला असते. "माणसं नदीवर गेली की घर बाईचं असतंय," ती म्हणायची. "परत आली की मग त्यांचं."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते सुनीताच्या घरी. सुनीताचा नवरा शेतातल्या मोटारीचा करंट लागून गेला होता. मृत्यूची नोंद माझ्याकडंच असते, म्हणून त्याचं आधार कार्ड घ्यायला मी गेलो, तर उंबऱ्यात कौसाबाई बसलेली. सासू रडायची थांबून तिला बोलत होती. सुतकात कागद काढायला निघालीस, लाज आहे का काही?

"मला सुतक लागत न्हाई, आत्याबाई," कौसाबाई म्हणाली. "आमच्यात मानत न्हाईत."

तू नसशील मानत, आमच्या घरात आम्ही मानतो, म्हातारी म्हणाली.

"माना की. तुमी कायबी करू नका. समदं मी करते."

कौसाबाई बुद्धवाड्यातली. वरच्या आळीतल्या घरात एरवी तिला उंबऱ्याच्या आत कुणी बोलावलं नसतं, आणि सुतकात तर नाहीच. ती ते उंबऱ्यावर बसूनच वसूल करायची. सुनीताला हाक मारून तिनं ट्रंक उघडायला लावली. घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, लग्नातला एक फोटो. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि परत सुनीताच्याच हातात दिलं. पोटाशी बांध म्हणाली. कुणी मागितलं तर सांग, कौसाबाईनं नेलं.

तिची पद्धत ही. कागद बाईकडं, शिव्या आपल्याकडं. दुपारी सुनीताचा थोरला दीर ऑफिसात येऊन माझ्या टेबलावर हात आपटून गेला, तुमच्या शिपायानं आमचे कागद पळवले म्हणाला. मी त्याची माफी मागितली. नंतर कौसाबाईला उभं करून म्हणालो, गिधाडासारखं काय टपून बसता लोकांच्या दारात?

"गिधाड मेलेल्यावर येतंय, भाऊसाहेब. मी जित्तीसाठी गेलते."

आणि सुनीताच्या अंगठ्याचा अर्ज माझ्यापुढं ठेवून आवक रजिस्टर उघडून दिलं. आलेल्या कागदाला तारीख आणि नंबर द्यायचं ते रजिस्टर. वाद नको म्हणून मी नंबर टाकला. अर्धा मिनिट लागलं. पुढं सुनीताचं नाव लागलं, वर्षानं दिरानं वाटणी काढली तेव्हा तिच्या खोल्यांना हात लावायची कुणाची टाप झाली नाही, आणि आज ती तिथंच बांगड्या-टिकल्यांचं दुकान घालून बसलेली आहे. एका ओळीवर एक घर टिकलं. मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. घर टिकलं की काहीच घडत नाही, हीच तर पंचाईत आहे. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार कोण करणार?

तिची स्वतःची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तीही ऑफिस झाडता झाडता, पाठमोरी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. तोही पंचायतीतच शिपाई. भाऊ येऊन आखाडा बाळापूरला चार दिवस घेऊन गेला. परत आली तेव्हा घरात पुतण्याचा संसार. नवऱ्याच्या जागेवर तिला झाडायला ठेवलं होतं म्हणून गाव सुटलं नाही, पण सहा वर्षं ती आणि तिचं पोरगं याच ऑफिसच्या मागच्या खोलीत, ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांशेजारी झोपले. मी म्हणालो, तुमच्यात तर हे सुतक वगैरे नसतं. तर झाडू न थांबवता म्हणाली, "सुतक न्हाई. दीर हायेत की."

आता मंगलचं सांगायला हवं. इतका वेळ टाळत होतो.

मंगलचा नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. कळमनुरीकडून येताना रस्त्यावर अपघातात गेला. दोन लेकरं, थोरली मुलगी सहा वर्षांची. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण भिंती विटेच्या. त्या भिंतींसाठी मंगलनं नवऱ्याबरोबर विटा वाहिल्या होत्या. तिसरा दिवस नेमका गुरुवारचा आला. साडेदहाला कौसाबाई मंगलचा अर्ज घेऊन आली, अंगठ्याची शाई अजून ओली. आवक टाका म्हणाली.

मी त्या दिवशी वैतागलेला होतो. वरून कसला तरी अहवाल मागितलेला, नेट बंद. आणि खरं सांगायचं तर मला तिची ती घाई अभद्र वाटायची. माणसाची राख अजून नदीत पडायची आहे आणि ही नमुना आठ घेऊन बसली. मी म्हणालो, "तेरवी तरी होऊ द्या, कौसाबाई. जरा माणुसकी ठेवा."

अर्ज मी टेबलाच्या काचेखाली सरकवला. फेकला नाही, फाडला नाही. काचेखाली व्यवस्थित ठेवला. आपण माणुसकीनं वागलो असं मला दिवसभर वाटत होतं.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी मंगलचा भाऊ जीप घेऊन आला. कौसाबाई जीपच्या पुढं जाऊन उभी राहिली. हे मी पाहिलेलं नाही, पण गावानं इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. भाऊ बिचारा हात जोडत होता. मावशी, माझी बहीण आहे, मी काय तिचं वाईट करीन का? ती म्हणाली, तू चांगला हायेस, तकलीफ तीच हाय. मग मंगलला म्हणाली, जायाचंच असंल तर कुलूप तू लाव, किल्ली घेऊन जा. पण सासू त्याच घरात होती. सासू घरात असताना सून बाहेरून कुलूप लावून जाते, असं कधी झालंय? मंगल खाली मान घालून जीपमध्ये बसली. चार दिवसांचे कपडे होते तिच्याजवळ.

तीन आठवड्यांनी सासूच्या नावानं अर्ज आला, घराला आईचं नाव लावा म्हणून. दीर घेऊन आला होता. आई कायद्यानं वारस असतेच. दीर गोड बोलला. वहिनी माहेरी गेलीय, लेकरं मोठी झाली की घर त्यांचंच आहे, आत्ता कागद कुणाच्या तरी नावावर हवा. मला पटलं. हरकतीची नोटीस काढली आणि घराच्या दाराला चिकटवायला कौसाबाईकडं दिली.

"हे मी चिटकवणार न्हाई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं कुठल्याही कामाला नाही म्हटलं नव्हतं. माझा अहंकार दुखावला. शिपाई मला नाही म्हणते म्हणजे काय? खळ घेतली आणि त्या दाराला नोटीस मी स्वतः जाऊन चिकटवली. सासू दारात बसून बघत होती. मंगलची हरकत मागणारा कागद मंगल नसलेल्या घराच्या दाराला. नियमाला ते चालतं.

कौसाबाई रजा टाकून एसटीनं मंगलच्या माहेरी गेली. मंगल यायला तयार झाली, तर तिथल्या बायका आडव्या आल्या. वर्षाच्या आत त्या घरात पाऊल टाकलं तर लेकरांना बाधेल. भाऊ म्हणाला, भांडण नको, दाजींचं वर्षश्राद्ध होऊ द्या, मग मी स्वतः येऊन बोलतो. कौसाबाई एकटीच परत आली. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी विचारलंही नाही.

मासिक सभेत विषय निघाला. हरकत आली का, सरपंचांनी विचारलं. नाही, मी म्हणालो. कौसाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिथूनच बोलली.

"हाय की. भाऊसाहेबांच्या काचेखाली मंगलचा अर्ज हाय. तिसऱ्या दिसाचा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो अर्ज तिथं, माझ्या कोपराखाली होता. सासूच्या अर्जाच्या आधीचा. नुसतं हो म्हणालो असतो तर ठराव थांबला असता. पण मग अर्ज इतके दिवस दाबून का ठेवला हे विचारलं गेलं असतं, आणि दिराचा एक मेहुणा सदस्य म्हणून तिथंच बसलेला होता, तो ते तालुक्याला पोचवल्याशिवाय राहिला नसता. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं असेल? चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढ्या.

मी म्हणालो, "त्याला आवक नाही. आवक नाही म्हणजे अर्ज नाही."

कौसाबाईनं चहा वाटला. सगळ्यांना दिला, मलाही दिला. ठराव मी माझ्या हातानं लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

मंगल वर्षश्राद्धाला आली तेव्हा आतल्या खोलीत दिराचा पलंग होता आणि बाहेरच्या खोलीत कडबा. सासूनं तिला एक दिवस जेवू घातलं. तिनं अपील केलंय, तारखा पडतात. हिंगोलीत एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला आहे, राहायला मागं पत्र्याचा आडोसा. मुलगी आश्रमशाळेत, पोरगा भावाकडं. एका घराचे तीन तुकडे, तीन गावांत. पुढं बेघरांची यादी करायला फॉर्म आले तेव्हा मी तिचं नाव पहिलं घातलं. घरकुल नामंजूर होऊन आलं, कारण बांधायला स्वतःची जागा नाही. बेघर माणसासाठी सरकारकडं छापील फॉर्म आहे. बेघर होऊ घातलेल्या माणसासाठी रकानासुद्धा नाही. त्याच्यासाठी सबंध गावात एक बाई होती, दोन बोटं मोठ्या चपला घालून फिरणारी, आणि तिच्या वाटेत मी माणुसकी घेऊन उभा होतो.

सभेनंतरच्या गुरुवारी मी ऑफिसात आलो तर टेबलाची काच लख्ख पुसलेली. खाली मंगलचा अर्ज नव्हता. नमुना आठ माझ्या खुर्चीपुढं उघडा ठेवलेला, मंगलच्या घराचं पान, आणि अर्ज त्या पानावर. कौसाबाई बाजूला उभी.

"वाचा," ती म्हणाली.

मी म्हणालो काय वाचू. तर म्हणाली नाव वाचा. मी सासूचं नाव वाचलं. तिनं रजिस्टर मिटलं आणि झाडायला घेतलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मी चिडून पाहिलं, साहेबपणा दाखवून पाहिला, एकदा तर मेमो देतो म्हणालो. द्या म्हणाली. दिला नाही, कारण मेमोत काय लिहिणार? त्या गावात मी होतो तितके गुरुवार, कामाची सुरुवात त्या पानानं झाली. बाकी तिनं मला एकदाही टोमणा मारला नाही, चहात साखर कमी घातली नाही, माझ्या पोरीच्या बारशाला कुंची शिवून आणली. पण त्या पानाची सुट्टी मला कधी मिळाली नाही.

मग मी तिच्याबरोबर जायला लागलो. गुरुवार असो नसो, तिसऱ्या दिवशी, माणसं नदीवर गेली की, आवक रजिस्टर काखेत मारून. उंबऱ्यावर बसून नंबर टाकायचा. पुढं आम्ही त्याच्याही आधी पोचायला लागलो. नवरा-बायको दोघांचं नाव घराला लावता येतं, शासनाचा तसा निर्णयच आहे, आणि शासनाच्या बहुतेक चांगल्या निर्णयांसारखा तो फायलीत सुखानं नांदत होता. कौसाबाईनं तो बाहेर काढला. संध्याकाळी माणसं पारावर बसली की जायची आणि जिवंत नवऱ्यांपुढं अर्ज धरायची. पुरुष खवळायचे. माझ्या मरणावर टपलीस का म्हणायचे. काहीजण सही तर देत नसतच, वर घरी जाऊन बायकोलाच विचारायचे, तू सांगितलंस का तिला? एकीनं त्यापायी मार खाल्ला. कौसाबाई दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन जे बोलली ते मला लिहिता येत नाही, पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी पोरांना घरात घेतलं एवढं सांगतो.

मारोतरावांच्या घरी गेलो तेव्हा ते मात्र हसले होते. सत्तरीचे, दम्याचे, गावातलं वजनदार माणूस. म्हणाले, "कौसाबाई, मला धाडायला निघालीस व्हय?"

"तुमी ऱ्हावा की शंभर वर्सं. कागद तवर तयार ऱ्हाईल."

त्यांनी सही केली. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. पन्नास वर्षांच्या संसारात त्या पाहुण्यांपुढं बाहेरच्या खोलीत कधी आल्या नव्हत्या, असं म्हणत. त्या दिवशी चूल सोडून आल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुठं हाय माझं नाव, दाखवा. कौसाबाईनं बोट धरून दाखवलं. काकूंना वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग मारोतरावांकडं वळून म्हणाल्या, इतकी वर्सं काहून केलं न्हाई? मारोतरावांना तेव्हा खोकला आला.

यानं गाव सुधारलं असं कुणी समजू नये. कौसाबाईला गिधाड म्हणणं बंद झालं नाही. उलट आता तिच्याबरोबर एक कावळाही फिरतो असं म्हणायचे, तो मी. आम्ही न पोचलेली घरं होतीच. पण अर्ज हातात असून मी पुन्हा कुणाला नाही म्हणालो नाही. हे काही अभिमानानं सांगत नाही. इतपत वागायला मला मंगलचं घर जावं लागलं.

मागच्या वर्षी माझी बदली झाली. नवा ग्रामसेवक चार्ज घ्यायला आला, पंचविशीतला, चुणचुणीत, पहिलीच नेमणूक. तोही गुरुवारच होता. सरपंचांनी माझ्यासाठी शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. आम्ही दप्तराची यादी करत होतो, कौसाबाई पिशवी भरत होती. परवा खालच्या आळीतला एक पोरगेला बाप गेला होता. पंचायतीसमोरूनच माणसं नदीकडं गेली, कुणाच्या हातात मडकं, कुणाच्या हातात टोपली. ती गेल्याबरोबर कौसाबाई म्हणाली, नवे भाऊसाहेब, रजिस्टर घ्या अन् चला.

कुठं, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. चांगला मुलगा होता, मऊ बोलायचा.

"आज? तेरवी तरी होऊ द्या, मावशी," तो म्हणाला. "बरं दिसत नाही ते."

शब्द तेच होते. कौसाबाईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. कपाट उघडलं, नमुना आठ काढला, न शोधता पान उघडलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. त्या पानावर मंगलचा अर्ज अजून होता, घडीवर पिवळा पडलेला, अंगठा मात्र जसाच्या तसा.

"वाचा," ती म्हणाली.

त्यानं सासूचं नाव वाचलं. मग अर्ज वाचला. तारखा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. हुशार होता, सांगावं लागलं नाही. कपाळाला आठ्या घालून त्यानं विचारलं, अर्ज आधीचा असून नाव दुसऱ्याचं कसं लागलं? हे केलं कुणी?

कौसाबाई पिशवीत फडकं आहे का बघत होती. सरपंच शालीची घडी नीट करायला लागले.

"मी," मी म्हणालो.

इतक्या गुरुवारांत मी ते एकदाही मोठ्यानं म्हणालो नव्हतो. त्या पोरानं माझ्यावरची नजर काढून घेतली, ते मला बरं वाटलं.

कौसाबाईच्या चपला व्हरांड्यात वाजल्या. खिडकीतून दिसली ती पाठमोरीच, पिशवी काखेत, डाव्या हातानं लुगडं घोट्याच्या वर धरलेलं. पोरानं आवक रजिस्टर उचललं आणि घाईघाईनं बूट चढवायला लागला, लेस बांधायची राहिली तरी तसाच पळाला, मावशी थांबा, थांबा म्हणत. ती थांबली नाही. नदीवरून माणसं परत यायच्या आत तिला पोचायचं होतं.